बँकॉकचा कॉन्डो: पैसे बाथमध्ये पाठवू नका

थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन सहसा मिळत नाही, कॉन्डो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट, मात्र स्वतःच्या नावावर होतो. तोही इमारतीतल्या सगळ्या युनिट्सच्या क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांच्या परदेशी कोट्यात जागा उरली असेल तरच. म्हणून बयाणा देण्याआधी इमारतीच्या ऑफिसातून तसं पत्र घ्या. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

खरी गोची पैशांत होते. भारतातून डॉलर पाठवा, त्याचे बाथ, म्हणजे थायलंडचं चलन, तिथल्या बँकेत होऊ द्या. कारणाच्या रकान्यात ‘कॉन्डो खरेदी’, नाव पासपोर्टवरचंच. बँकेकडून परकीय चलन आल्याचा कागद मागून घ्या, कॉन्डो नावावर करताना तिथल्या लँड ऑफिसात तो लागतोच. परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची मर्यादा आर्थिक वर्षाला माणशी २,५०,००० डॉलर. बँकॉकच्या छोट्या स्टुडिओ फ्लॅटला तेवढे पुरतात.