१२ जानेवारी सरकारी यादीत आणायचा असेल तर

मंडळातल्या पोरांनो, १२ जानेवारी हा सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा दिन म्हणून शासनाने घोषित करावा, हा तुमचा अर्ज वाचला. १९३१ साली १२ जानेवारीला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. सोलापूरबाहेर ही चार नावं सलग सांगणारा माणूस क्वचित भेटतो, याचं मलाही फार वाईट वाटतं. पण 'दिन घोषित करावा' एवढ्यावर कागद हलत नाही. माझी नोकरी आवक-जावकाच्या टेबलावर गेली, म्हणून सांगतो.

यासाठी कायदाच व्हायला हवा असं नाही. शासन निर्णय पुरतो. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन २०१३ च्या शासन निर्णयाने आला, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन २०१५ च्या. दोन्ही शासनाच्या संकेतस्थळावरून काढून वाचा, मसुद्याची भाषा तिथेच सापडेल. कार्यालयांत साजऱ्या करायच्या जयंत्या आणि दिनांची वार्षिक यादी सामान्य प्रशासन विभाग काढतो. अर्ज त्याच विभागाला, प्रत शालेय शिक्षण विभागाला.

सुट्टी मागू नका. तिचा रस्ता वेगळा, १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमातून जाणारा. शिवाय शाळा बंद ठेवली तर पोरांना ही गोष्ट सांगणार कोण?

खरी मेहनत मागणीच्या परिच्छेदावर घ्या. त्या दिवशी कुणी काय करायचं ते नेमकं लिहा: शाळांनी परिपाठात मे १९३० च्या सोलापुरातल्या मार्शल लॉची, म्हणजे लष्करी अंमलाची, हकीकत सांगावी, कार्यालयांनी चौघांच्या प्रतिमांना अभिवादन करावं. 'खर्च उपलब्ध तरतुदीतून' हे शब्द घालाच. नवा पैसा मागितला की वित्त विभागाची सहमती लागते, आणि फाइल तिथेच मुक्काम करते.

एक अडचण तुमच्या लक्षात आलेली नाही. १२ जानेवारीला जिजाऊंची आणि विवेकानंदांची जयंती असते, युवा दिनही तोच. हे लपवू नका, आपणच मांडा: त्याच कार्यक्रमात या चौघांना स्थान द्यावं. सोलापुरातली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्राही त्याच दिवसांत असते, तेव्हा शहरातला कार्यक्रम सकाळीच उरकावा लागेल.

सोबत महापालिकेचा ठराव आणि आमदारांचं पत्र जोडा. पत्र देऊन ते थांबणार नसतील, तर अधिवेशनात अशासकीय ठराव (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडायचा ठराव) मांडायची विनंती करा. अर्जाच्या दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महिन्याने तोच क्रमांक सांगून कार्यासनाला, म्हणजे विभागात तुमची फाइल हाताळणाऱ्या टेबलाला, विचारा.

अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे नाव पूर्ण लिहा. मसुदा झाला की संध्याकाळी घरी घेऊन या, मी तपासून देतो.