चार डेव्हलपर, धंदा कोणाचा? आधी हे ठरवा

इंदूरच्या छप्पन दुकानवर पोहे खाता खाता आम्ही चौघांनी कंपनी काढायचं ठरवलं आणि प्लेट संपायच्या आत शेअरवरून वाजलंसुद्धा, म्हणून सांगतो, नाव-लोगो नंतर, आधी एकच विचारा की मत माणसाला की पैशाला. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये सहसा ज्याचे शेअर जास्त त्याचं चालतं, बाहेरचा पैसा उचलायचा असेल तर तेच बरं. सहकारी पद्धतीत एक माणूस एक मत, स्पेनमधली सॉफ्टवेअर कंपनी इगालिया 2001 पासून कामगारांच्याच मालकीची आहे आणि ब्राउझरचं काम करते.

आता चौघांत सहकारी सोसायटी काही रजिस्टर होत नाही, तेवढी माणसंच नाहीत, मग एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी करा, दोन पार्टनर पुरतात. गंमत म्हणजे एलएलपीच्या 2008 च्या कायद्यात, अ‍ॅग्रीमेंटमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर नफा सारखा वाटायचा आणि प्रत्येकाला एक मत! तरी लिहाच, आणि एलएलपी रजिस्टर झाल्यापासून 30 दिवसांत सरकारकडे फाइल करा. त्यात हे हवंच: सोडून जाणाऱ्याला किती मिळणार, कोड कोणाचा, क्लायंटने पैसे अडकवले तर पगार कसा. आमचं पहिल्याच मुद्द्यावर अडलं, एक जण पुण्याला गेला आणि लॅपटॉपसकट गेला हो.