चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स दुरुस्त करताना

आवाज फाटतो, वरच्या पट्टीत कर्कश गुणगुण येते किंवा भोंग्यातून सगळं पातळ ऐकू येतं, तर दोष बहुतेक वेळा साउंडबॉक्समध्ये, म्हणजे पिन धरणाऱ्या गोल डबीतच असतो. तरी तो उघडण्याआधी नवी पोलादी पिन लावून पाहा. ही पिन तबकडीच्या एका बाजूपुरतीच असते. पिनेचा स्क्रू ढिला असला तरीही अशीच गुणगुण येते.

साउंडबॉक्सचं काम समजलं की निम्मी दुरुस्ती झाली. पिन ज्या दांडीत बसते ती मधोमध एका टेकूवर हलते आणि तिचं दुसरं टोक अभ्रकाच्या गोल पडद्याच्या मध्यावर जोडलेलं असतं. पडद्याची कड पुढून-मागून दोन पोकळ रबरी नळ्यांमध्ये धरलेली असते. हे रबर कालांतराने दगडासारखं कडक होतं. मग पडदा मोकळा हलत नाही आणि कडेने हवा गळते. म्हणून जुन्या साउंडबॉक्सचं रबर आवाज बरा वाटत असला तरी बदलावंच.

काढण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि काम कडा असलेल्या ट्रेमध्ये करा. बॉडी पितळेची असेल तर काळजी कमी. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची असेल तर जपून, कारण तो धातू वर्षांनुवर्षं फुगतो, त्याला बारीक तडे जातात आणि जोर लावला की तुकडा पडतो. अडकलेला भाग हेअर ड्रायरने किंचित गरम करून सोडवावा. अ‍ॅल्युमिनियमचा फुगीर पडदा आणि दांडीखाली बारीक पोलादी गोळ्या असलेला प्रकार पहिल्या प्रयत्नात उघडू नये. गोळ्या निसटतात आणि त्या पुन्हा बसवणं फार किचकट असतं.

पडद्याच्या मध्यावरच्या बारीक स्क्रूवर मेण असतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्याला क्षणभर टेकवा, मेण सैल होईल, मग स्क्रू काढा. अभ्रक कडेनेच धरावं आणि उजेडासमोर पाहावं. कडेला पांढरट, चंदेरी पापुद्रे सुटलेले दिसले किंवा मधल्या भोकापासून चीर निघाली असेल, तर तेवढ्याच व्यासाचा नवा पडदा घ्या. खाचेतलं जुनं रबर लाकडी काडीने खरवडा. धातूच्या टोकाने खाच ओरखडली की तिथूनच हवा गळते.

नवी नळी मऊ सिलिकॉनची आणि पोकळ हवी. बऱ्याच साउंडबॉक्सना सुमारे २ मिमी बाह्य व्यास चालतो, तरी खाच मोजूनच घ्या. भरीव रबर पडद्याला जखडतं. टोकं काटकोनात कापा, ती एकमेकांना नुसती भिडावीत; फट नको, चढही नको. पुढच्या आणि मागच्या नळीचे सांधे एकासमोर एक येऊ देऊ नका. गोंद अजिबात वापरू नये. पडदा धरून ठेवणारं कडं बसवताना समोरासमोरचे स्क्रू पाव-पाव फेरा आवळा. नळी चपटी झाली की आवाज आखडतो.

आता सगळ्यांत नाजूक भाग. मधला स्क्रू लावण्याआधी दांडीचं टोक अभ्रकाला नुसतं टेकलेलं असावं. ते केसभर दूर असताना स्क्रू आवळला तर पडदा कायमचा ओढलेला राहतो, आत घुसलेलं असेल तर दाबलेला. दोन्ही वेळा आवाज फाटतो, आणि रबर नवं असूनही तो का फाटतो हे कळत नाही. दांडीला दोन स्प्रिंग असतील तर एक थोडी ढिली आणि दुसरी तेवढीच घट्ट करून टोक जागेवर आणा. दांडी बोटाने हलवून सोडली की आपोआप मध्यावर यावी, पण टेकूवर खुळखुळू नये. मग स्क्रू हलक्या हाताने बसवा आणि दोन्ही बाजूंना मधमाश्यांच्या मेणाचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब वितळवा. त्याने भोक हवाबंद होतं आणि स्क्रू कंप पावत नाही. मोठा थेंब पडद्याचं वजन वाढवतो.

गळती तपासायला मागच्या तोंडाला स्वच्छ रबरी नळीचा तुकडा लावून अगदी हलकं ओढा आणि जिभेने नळी बंद करा. ओढ क्षणभर टिकली पाहिजे. जुन्या धातूत शिसं असू शकतं, त्यामुळे साउंडबॉक्सला थेट तोंड लावू नका.

टोनआर्मला, म्हणजे साउंडबॉक्स धरणाऱ्या पोकळ दांड्याला, जोडणारी मागची रबरी चकतीही कडक झाली असेल तर बदला, नाहीतर टोनआर्मची थरथर आवाजात मिसळते. पहिली चाचणी खराब झालेल्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर घ्या. विनाइलच्या तबकडीवर हा साउंडबॉक्स ठेवू नये. त्याचं वजन आणि पोलादी पिन एका वाजवण्यात खाचा खरवडून टाकतात.