कर्णबधिर आणि दिव्यांग व्यक्तींच्या दूरध्वनी सेवेसाठी कायमस्वरूपी निधी कसा उभारावा

ज्या व्यक्तीला ऐकू येत नाही, जिचे बोलणे अनोळखी माणसाला चटकन समजत नाही, किंवा जिला ऐकू आणि दिसू दोन्ही येत नाही, तिला दूरध्वनीवरून साधी चौकशी करायची झाली तरी मध्ये कोणीतरी लागते. रिले सेवेत हे काम प्रशिक्षित ऑपरेटर किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषी करतो. कर्णबधिर व्यक्ती टंकलिखित मजकुरातून किंवा व्हिडिओवर खुणांमधून बोलते, दुभाषी ते पलीकडच्या व्यक्तीला तोंडी सांगतो आणि तिचे उत्तर परत पोहोचवतो. अशी सेवा सुरू करणे तुलनेने सोपे असते. ती वर्षानुवर्षे, रात्रीबेरात्री, एकही पाळी न चुकता चालवणे कठीण असते, कारण तिचा बहुतेक खर्च पगारांचा असतो आणि पगार दरमहा द्यावे लागतात. म्हणून सेवेची मागणी करणाऱ्या संघटनांनी आणि कायद्याचा मसुदा तयार करणाऱ्यांनी निधीचा विचार तंत्रज्ञानाच्या आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसा कोणाकडून घ्यावा

देणगी, सरकारचे वार्षिक अनुदान आणि दूरसंचार क्षेत्रावरील अधिभार असे तीन मार्ग सहसा समोर येतात. देणगीतून सेवा सिद्ध करून दाखवता येते, पण तिच्यावर हक्क सांगता येत नाही. जपानमध्ये निप्पॉन फाउंडेशनने २०१३ पासून रिले सेवेचा पथदर्शी प्रकल्प चालवला. सेवेची गरज त्यातून निर्विवादपणे दिसली, तरी ती चोवीस तास मिळत नव्हती आणि आपत्कालीन क्रमांकांना जोडलेली नव्हती. २०२० मध्ये तेथील संसदेने दूरध्वनी रिलेसाठी स्वतंत्र कायदा केला आणि १ जुलै २०२१ पासून सार्वजनिक सेवा सुरू झाली. ती वर्षभर चोवीस तास चालते, आपत्कालीन कॉलही जोडते आणि तिचा खर्च दूरध्वनी कंपन्यांकडून क्रमांकांच्या संख्येनुसार वसूल होतो. पथदर्शी प्रकल्प हाती घ्यायचा असेल तर तो कधी संपेल आणि त्यानंतर पैसा कोठून येईल, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे.

वार्षिक अनुदानाची अडचण वेगळी आहे. तंगीच्या वर्षी अर्थसंकल्पात पहिली कात्री लागते ती ज्यांचा आवाज सभागृहात क्षीण असतो त्यांच्या तरतुदीला. अधिभाराचा पाया रुंद असतो, त्यामुळे प्रत्येक ग्राहकावर पडणारा भार नगण्य राहतो. शिवाय त्यामागचे तत्त्वही न्याय्य आहे. दूरध्वनीच्या जाळ्याची किंमत त्यावर किती लोकांशी बोलता येते यावर ठरते, आणि कर्णबधिर व्यक्तीला कॉल करू शकणारा ऐकणारा माणूसही या सेवेचा लाभार्थीच असतो.

अधिभार कशावर आकारायचा, हा मुद्दा तांत्रिक वाटला तरी निर्णायक आहे. अमेरिकेतील आंतरराज्यीय रिले निधी सुरुवातीला कंपन्यांच्या आंतरराज्यीय आणि आंतरराष्ट्रीय उत्पन्नातून भरला जात असे. हे उत्पन्न घटत गेले आणि इंटरनेटवर चालणाऱ्या रिले सेवांचा खर्च वाढत गेला. तेव्हा २०१० च्या कायद्याने इंटरनेट दूरध्वनी कंपन्यांच्या वर्गणीची व्याप्ती वाढवली आणि पुढे काही सेवांसाठी राज्यांतर्गत उत्पन्नही हिशेबात धरावे लागले. नव्याने कायदा करणाऱ्यांनी केवळ आवाजी कॉलच्या उत्पन्नावर विसंबू नये. चालू क्रमांकांची संख्या किंवा एकूण दूरसंचार उत्पन्न हा पाया अधिक टिकाऊ ठरतो. ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय रिले सेवेचा खर्चही दूरसंचार उद्योगावरील आकारणीतून भागवला जातो.

कायद्याच्या मसुद्यात काय हवे

२६ जुलै १९९० रोजी संमत झालेल्या अमेरिकी दिव्यांगत्व कायद्याच्या चौथ्या प्रकरणाने कंपन्यांना तीन वर्षांची मुदत दिली आणि देशभर रिले सेवा पुरवणे बंधनकारक केले. त्यातील दोन गोष्टी कोणत्याही देशाने जशाच्या तशा घ्याव्यात. पहिली म्हणजे सेवा ऐकणाऱ्या ग्राहकाच्या सेवेशी कार्यदृष्ट्या समतुल्य असली पाहिजे. दुसरी म्हणजे वापरकर्त्याला साध्या कॉलपेक्षा अधिक दर लावता येणार नाही, मग त्या कॉलला चौपट वेळ लागो.

याशिवाय निधी स्वतंत्र खात्यात राहील आणि त्यातील शिल्लक अन्य कामाकडे वळवता येणार नाही, असे कलम हवेच. निधीत काही महिन्यांचा खर्च राखीव ठेवणे आवश्यक असते, आणि तीच शिल्लक बाहेरून पाहणाऱ्याला 'पडून असलेला पैसा' वाटते. तंत्रज्ञानाचे नाव मात्र कायद्यात घालू नये. टंकयंत्राला जोडलेल्या दूरध्वनीपासून व्हिडिओ दुभाषी आणि संगणकाने उमटवलेल्या कॅप्शनपर्यंतचा बदल एका पिढीत झाला आहे, त्यामुळे कायद्यात गरज लिहावी आणि साधने नियमांवर सोडावीत. सेवांची व्याख्या करताना वाणीदोष असलेल्या व्यक्तींसाठीची सेवा वगळली जाणार नाही याची खास काळजी घ्यावी. अशा व्यक्तीचे बोलणे समजण्याचे प्रशिक्षण घेतलेला ऑपरेटर ते पलीकडे पुन्हा स्पष्ट उच्चारात सांगतो. या सेवेची मिनिटे थोडी असतात आणि प्रत्येक मिनिट महाग पडते, म्हणून तिचा दर वेगळा ठरवावा. सरासरी दरात ती कोणीच चालवणार नाही.

खर्चाचा अंदाज

येथे सर्वाधिक चुका होतात, कारण अंदाज करणारे केवळ संभाषणाची मिनिटे मोजतात. समजा, व्हिडिओ रिलेचे दहा हजार वापरकर्ते आहेत आणि प्रत्येक जण महिन्याला साठ मिनिटे बोलतो. म्हणजे सहा लाख मिनिटे, अर्थात दहा हजार तास झाले. परंतु दुभाषी तासभर सलग संभाषण करू शकत नाही. पुढच्या कॉलची वाट पाहणे, क्रमांक जोडणे आणि हात, डोळे व मेंदूला आवश्यक असलेली विश्रांती यांत मोठा वेळ जातो. एका तासात प्रत्यक्ष संभाषण चोवीस मिनिटांचे धरले, तर दहा हजार तासांसाठी पंचवीस हजार तासांचे मनुष्यबळ लागेल, आणि एका दुभाष्याचे महिन्याला एकशे पंचवीस तास धरले तर दोनशे दुभाषी लागतील. संभाषणाच्या तासांवरून काढलेला आकडा ऐंशीच आला असता.

लहान सेवेचे गणित याहून वेगळे असते. रात्री फक्त दोन जागा चालू ठेवायच्या म्हटले तरी, त्याच दोन जागा आठवडाभर चोवीस तास चालवायला ३३६ तास लागतात. प्रत्येकाने आठवड्याला तीस तास काम केले तर रजा न धरता किमान बारा माणसे हवीत, मग कॉल दहा येवोत की शंभर. म्हणून लहान राज्यांनी किंवा देशांनी रात्रपाळी शेजाऱ्यांशी वाटून घेण्याचा विचार करावा.

प्रतीक्षेचा कालावधी हाही खर्चाचाच भाग आहे. अमेरिकेत मजकूर रिलेचे ८५ टक्के कॉल १० सेकंदांत आणि व्हिडिओ रिलेचे ८० टक्के कॉल १२० सेकंदांत घेण्याचा नियम आहे. हे प्रमाण जितके कडक, तितके हाताशी बसलेले दुभाषी अधिक. त्यामुळे आधी प्रमाण ठरवावे आणि मग दर. उलट क्रमाने गेले तर वापरकर्ता पडद्यासमोर ताटकळत बसतो. दुभाषी तयार करण्याचा खर्चही अंदाजपत्रकात धरावा. व्हिडिओ रिलेतील दुभाष्याला पूर्वतयारीशिवाय, दोन्ही बाजूंनी अनोळखी असलेल्या माणसांचे बोलणे पोहोचवावे लागते आणि ते कौशल्य यायला वर्षे लागतात.

मिनिटाचा दर आणि गैरप्रकार

पुरवठादाराला मिनिटामागे पैसे द्यायचे असतील तर 'मिनिट' कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे करारात लिहावे. ऑपरेटर कॉलवर आल्यापासून मोजायचे, की पलीकडच्याने उचलल्यापासून? एका बँकेच्या स्वयंचलित यंत्रणेला लावलेला कॉल घ्या. यंत्र पर्यायांची यादी भराभर वाचते, ऑपरेटर ती टंकित करेपर्यंत वेळ संपतो, कॉल तुटतो आणि पुन्हा लावावा लागतो. फक्त यशस्वी संभाषणाचे पैसे दिले तर हे सारे कष्ट पुरवठादाराच्या अंगावर येतात आणि असे कॉल टाळण्याकडे त्याचा कल होतो. उलट सरसकट सगळा वेळ मोजला तर रेंगाळण्यात फायदा दिसू लागतो. माझ्या मते संपूर्ण सत्राचा वेळ मोजावा, पण त्यातील संभाषणेतर वेळेचे प्रमाण दरमहा तपासावे.

गैरप्रकाराची भीती काल्पनिक नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने व्हिडिओ रिलेची खोटी मिनिटे दाखवून निधीतून पैसे उकळल्याच्या आरोपावरून २६ जणांवर खटले दाखल केले. कोणालाही कोणाशी बोलायचे नसताना केवळ मिनिटे भरण्यासाठी कॉल लावले जात होते. त्यानंतर नियम कडक झाले आणि त्याची झळ प्रामाणिक वापरकर्त्यांनाही बसली. म्हणून सुरुवातीपासूनच वापरकर्त्यांची नोंदणी असावी, प्रत्येक कॉलची सुरुवात, शेवट आणि दुभाष्याचा सांकेतिक क्रमांक नोंदलेला असावा, कर्मचाऱ्यांचा पगार मिनिटांच्या संख्येशी बांधलेला नसावा आणि लेखापरीक्षण बाहेरच्या संस्थेकडून व्हावे. संभाषणाचा मजकूर मात्र तपासणीच्या नावाखालीही जपून ठेवू नये. गुप्ततेवरचा विश्वास उडाला तर कोणी डॉक्टरांशी या मार्गाने बोलणार नाही.

पुरवठादार एक असावा की अनेक, याला एकच उत्तर नाही. कॅनडात सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेली व्हिडिओ रिले सेवा एक स्वतंत्र ना-नफा संस्था चालवते, आणि नियामकाने २०१४ च्या निर्णयात तिच्यासाठी वर्षाला ३ कोटी डॉलरची कमाल मर्यादा घातली होती. अमेरिकेत अनेक कंपन्या स्पर्धा करतात. वापरकर्ते थोडे असतील तेथे एकच पुरवठादार बरा, पण मग त्याच्या कारभारावर कर्णबधिर वापरकर्त्यांचा प्रत्यक्ष अधिकार हवा. नियामकाच्या सल्लागार मंडळात एखादा नामधारी सदस्य असून भागत नाही. कर्णबधिर, बधिरांध आणि वाणीदोष असलेले सदस्य मताधिकारासह असावेत, आणि त्यांच्या बैठकीतील दुभाष्यांचा खर्च निधीतूनच व्हावा.

उपकरणांचा आणि जनजागृतीचा वाटा

सेवा विनामूल्य आहे, पण तिला जोडणारे उपकरण परवडत नाही, अशी स्थिती नेहमी येते. आवाज वाढवणारे दूरध्वनी, घंटीऐवजी दिवा लावणारी साधने, ब्रेल पडदे यांसाठी निधीचा ठरावीक हिस्सा राखून ठेवावा. कॅलिफोर्नियाने १९७९ च्या कायद्यानेच कर्णबधिरांना टंकदूरध्वनी देण्याची व्यवस्था केली होती, तर अमेरिकेच्या २०१० च्या कायद्याने बधिरांध व्यक्तींच्या उपकरणांसाठी रिले निधीतून वर्षाला १ कोटी डॉलरपर्यंतची तरतूद केली. बधिरांध व्यक्तीच्या बाबतीत उपकरणाबरोबर घरी येऊन शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचे मानधनही धरावे. ते वगळले तर महागडे यंत्र कपाटात पडून राहते.

जनजागृतीचा खर्च अनेकदा शेवटी कापला जातो. तो कापू नये. 'हा रिले सेवेचा कॉल आहे' असे ऑपरेटरने म्हणताच पलीकडची व्यक्ती विक्रीचा कॉल समजून फोन ठेवते, आणि दवाखान्याची वेळ मागणाऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा तोच कॉल लावावा लागतो. म्हणून बँका, रुग्णालये आणि सरकारी कार्यालयांतील दूरध्वनी घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना या कॉलची ओळख करून देण्यासाठी दरवर्षी रक्कम ठेवावी.

आपत्कालीन कॉलची व्यवस्था निधीच्या पहिल्या आराखड्यातच असावी, नंतरची सुधारणा म्हणून नव्हे. ब्रिटनमध्ये मजकूर रिले १९९१ पासून होती, पण सांकेतिक भाषेतून व्हिडिओद्वारे ९९९ ला संपर्क साधण्याची राष्ट्रीय सेवा जून २०२२ मध्ये सुरू झाली. अशा कॉलसाठी स्वतंत्र रांग, सतत हजर असलेला दुभाषी आणि कॉल करणाऱ्याचे ठिकाण आपत्कालीन कक्षाला कळवणारी जोडणी लागते. या तिन्हींचा खर्च कॉलच्या संख्येवर अवलंबून नसतो. म्हणून त्यासाठी मिनिटांचा दर न लावता वर्षाची ठोक रक्कम मंजूर करून घ्यावी.