डिस्चार्ज बुकातली चूक दुरुस्त करायची तर आधी काय काय जमवावं

फौजेतून सुटताना जवानाला नोकरीच्या नोंदींचं डिस्चार्ज बुक मिळतं. त्यातली चूक दुरुस्त करायची तर सगळ्यात आधी जवानाची पलंगाखालची काळी ट्रंक ओढून बाहेर काढा. तिच्यावर पांढऱ्या रंगानं आर्मी नंबर रंगवलेला असतो, तो वहीत उतरवून घ्या, शेवटच्या अक्षरासकट. नंबराच्या शेपटाला एक इंग्रजी अक्षर असतं आणि झेरॉक्सच्या कडेला नेमकं तेच कापलं जातं. आमच्या काकांचा पहिला अर्ज एवढ्या एका अक्षरापायी परत आला.

मग डिस्चार्ज बुक. घडीवर फाटलेलं असेल तर चिकटपट्टी लावू नका, शाई निघून येते. दारात उजेडाला धरून पानापानाचे मोबाइलवर फोटो काढा आणि बुक परत प्लास्टिकच्या पिशवीत घाला. वहीत तीन रकाने पाडा: बुकात काय, पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) काय, आधारवर काय. नाव, वडिलांचं नाव, बायकोचं नाव, दोघांच्या जन्मतारखा, भरतीची नि फौजेतून सुटल्याची तारीख हे सगळं शेजारी शेजारी आलं की निम्मं काम उरकतं. बऱ्याचदा फौजेची नोंद बरोबर निघते आणि आधार चुकलेलं असतं, कारण गावातल्या शिबिरात पोरानं घाईत काहीही टाइप केलेलं असतं. तसं असेल तर आधारच बदला, ते स्वस्तात होतं. मात्र आधारवर जन्मतारीख एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येतं, म्हणून आधी घरात बसून एकच स्पेलिंग पक्कं करा.

आपल्याकडं काही गोष्टी चूक वाटतात, पण चूक नसतात. जुन्या बुकात जिल्हा उस्मानाबाद आणि आज गाव लातूर जिल्ह्यात, तर १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर वेगळा झाला एवढंच. हिंगोली १९९९ पर्यंत परभणीतच होतं. जालना १९८१ ला वेगळा जिल्हा झाला. यासाठी दुरुस्ती मागत बसू नका, तहसीलचा रहिवासी दाखला जोडला की भागतं.

खरा घोळ बायकांच्या नावात. माहेरचं एक, लग्नात बदललेलं दुसरं, घरात कौसा, बुकात कौसाबाई, आधारवर कौशल्या. काकूंचं असंच होतं, आणि त्या शाळेची पायरी कधी चढल्याच नव्हत्या, मग टीसी आणायची कुठून? इथं कामाला येते ती पार्ट टू ऑर्डर. जवानाचं लग्न झालं किंवा लेकरू झालं की त्याची नोंद करायला युनिट ही ऑर्डर काढत असे. तिचा नंबर आणि तारीख बुकात किंवा जुन्या पत्रांत सापडते का, ते आधी शोधा. नसेल तर लग्नाचा दाखला, दोघांचा जोडीनं काढलेला फोटो, दोघांचं मिळून प्रतिज्ञापत्र, आणि नाव खरोखर बदललं असेल तर महाराष्ट्र राजपत्रातली जाहिरात, हे सगळं लागतं. जुन्या मतदार यादीची नक्कल जोडली तर वजन वाढतं. कागद चूक होण्याच्या आधीचा असला तर त्याला किंमत. गेल्या महिन्यात काढलेला दाखला कुणी फारसा मनावर घेत नाही.

बायकोची जन्मतारीख वाटते तितकी किरकोळ नाही. पेन्शनरच्या माघारी तिला कुटुंब पेन्शन लागते आणि ८० वर्षं पूर्ण झाली की त्यात २० टक्के वाढ होते, ८५ ला ३०, ९० ला ४०. बुकात वय दोन वर्षांनी कमी लिहिलेलं असेल तर म्हातारपणी दोन वर्षं नुकसान. जवानाच्या स्वतःच्या जन्मतारखेची गोष्ट निराळी. गुरुजींनी सगळ्या वर्गाला १ जून लावून दिला आणि भरतीत तोच लागला, तर ते आता हलत नाही. भरतीच्या आधीचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा एक सांगतो आणि क्लार्कनं उतरवताना दुसरंच लिहिलं, असं दाखवता आलं तरच अर्ज करा. निजामाच्या काळातला उतारा उर्दूत निघतो, त्याचं प्रमाणित भाषांतर करून घ्या.

एखादं मेडल राहून गेलं असेल, १९७१ चं संग्राम मेडल वगैरे, किंवा मेडिकल बोर्डाचा कागद हवा असेल, तर माहितीच्या अधिकारात शीट रोलची (फौजेकडच्या जवानाच्या सेवानोंदीची) आणि बोर्डाची नक्कल मागा. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. हातात नक्कल नसताना तक्रार करणं म्हणजे अंधारात ढेकळं मारणं.

दुरुस्तीचा अर्ज जातो आपापल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला, जिथं जवानांच्या नोंदी ठेवतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्स म्हणजे फौजेच्या इंजिनिअरांचं खडकीला. सागरच्या बाबूला मराठी येईलच असं नाही, म्हणून अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा आणि मराठी कागदांसोबत भाषांतर जोडा. एका अर्जात एकच चूक, एकच पान. शौर्यगाथा लिहू नका, काकांनी दोन पानं लिहिली होती, ती मी फाडली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद तपासून, शिक्के मारून पुढं पाठवतात, त्याला पैसे लागत नाहीत. बाहेर टपरीवर ‘करून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजा, पण बुक देऊ नका. मूळ बुक टपालानं तर मुळीच पाठवू नका. नोंदीसाठी मागितलंच तर कार्यालयात सही-शिक्क्याची पोच घेऊन द्या. स्पीड पोस्टाची पावती वहीलाच टाचा.

नकाराचं पत्र आलं तर त्याची तारीख लगेच लिहून ठेवा. सशस्त्र बल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात जायचं झालं तर अंतिम आदेशापासून सहा महिन्यांचीच मुदत असते.

आणि दुरुस्तीचं पत्र आलं तर पेढे वाटायच्या आधी ते वाचा. नंबर, नाव, तारीख, शेवटचं अक्षर. नंतर तीच दुरुस्ती पीपीओत आली का ते ‘स्पर्श’ या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर बघा, ईसीएचएस कार्डावर (माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचं कार्ड) आणि बँकेत करून घ्या. काकूंचं कार्ड राहिलंय अजून, सोमवारी संभाजीनगरला जायचं आहे.