एटीआरच्या उजव्या सीटवर बसण्याआधी करार कसा वाचावा

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हातात येतो तेव्हा लॉगबुकात जेमतेम २०० तासांची नोंद असते, घरावर कर्ज असते आणि ठिकठिकाणच्या निवड चाचण्या देऊन जीव मेटाकुटीला आलेला असतो. अशा वेळी एखाद्या प्रादेशिक विमान कंपनीकडून एटीआर-७२ या पंख्यांच्या लहान प्रवासी विमानावर प्रशिक्षणार्थी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजव्या सीटवरचा सहवैमानिक, म्हणून निवड झाल्याचे पत्र येते आणि सोबतचा करार दोन दिवसांत सही करून पाठवावा, असे त्यात म्हटलेले असते. बहुतेक जण त्या करारातले दोनच आकडे वाचतात: पगार आणि बाँडची रक्कम, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास कंपनीला भरायचे पैसे. मीही तेच केले होते. आज धाकट्या सहकाऱ्यांचे करार वाचून देताना मी सर्वांत आधी तारखेचे कलम शोधतो.

बाँडची मुदत कोणत्या दिवसापासून मोजली जाणार, हा पहिला प्रश्न आहे. सही केल्यानंतर वर्गातले शिक्षण, सिम्युलेटर, प्रत्यक्ष विमानावरची उड्डाणे व लँडिंग, परवान्यावर टाइप रेटिंगची (त्या प्रकारचे विमान चालवण्याच्या पात्रतेची) नोंद आणि त्यानंतर प्रशिक्षक कॅप्टनसोबत प्रवासी विमानात लाइन ट्रेनिंग, असे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर रांग असते. माझ्या करारात तीन वर्षांची मुदत ‘लाइन रिलीज झाल्यापासून’, म्हणजे लाइन ट्रेनिंग संपून नियमित ड्यूटीला मोकळे केल्यापासून, होती. सिम्युलेटरची तारीख पुढे पुढे जात राहिली, मग प्रशिक्षक कॅप्टन मोकळे नव्हते, आणि सहीपासून रिलीजपर्यंत अकरा महिने गेले. ते अकरा महिने विद्यावेतनावर निघाले, पण बाँडच्या हिशेबात त्यातला एक दिवसही धरला गेला नाही. म्हणजे ३६ महिन्यांचे प्रत्यक्षात ४७ झाले. त्यात आणखी एक वाक्य होते, की राजीनाम्याची नोटीस बाँड संपल्यानंतरच देता येईल. फर्स्ट ऑफिसरसाठी नोटीस सहा महिन्यांची असते, त्यामुळे हिशेब ५३ महिन्यांवर गेला. ही बेरीज करारात एका जागी कुठेही लिहिलेली नव्हती. एक कलम चौथ्या पानावर होते, दुसरे एकोणिसाव्या. म्हणून करार वाचताना शेजारी कोरा कागद ठेवावा, मुदतीचा उल्लेख दिसेल तिथे तो उतरवून घ्यावा आणि शेवटी बेरीज करावी. मुदत टाइप रेटिंगची नोंद झालेल्या दिवसापासून धरावी, किंवा कंपनीच्या अडचणीमुळे झालेला विलंब मुदतीत मोजावा, अशी लेखी विनंती करण्यात काही गैर नाही. कंपनी नाही म्हणेल, फार तर.

रकमेच्या बाबतीत ती किती आहे यापेक्षा ती दरमहा घटते की नाही, हे पाहावे. समजा, बाँड १५ लाखांचा आणि मुदत ३६ महिन्यांची आहे. रक्कम महिन्यागणिक सारखी कमी होत असेल, तर ३० महिने नोकरी केलेल्या माणसाकडून अडीच लाख येणे राहतात; घटण्याची तरतूदच नसेल, तर शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण १५ लाखांची टांगती तलवार राहते. कायद्याच्या दृष्टीने करारात लिहिलेला आकडा हा शेवटचा शब्द नसतो. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते आणि न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाईच देववते. पण याचा अर्थ ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ असा होत नाही. फ्लाइंग क्लबच्या कँटीनमध्ये हे वाक्य अजून ऐकू येते, आणि ते धोक्याचे आहे. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीचा तीन वर्षांचा बाँड आणि दोन लाखांची भरपाई वैध ठरवली; नोकरी चालू असतानाचे असे बंधन म्हणजे कलम २७ मध्ये निषिद्ध असलेला व्यवसायबंदीचा करार नव्हे, असा तो निर्णय होता. कंपनीने प्रशिक्षणावर खरोखर पैसा खर्च केला असेल, तर तिची बाजू आणखी भक्कम होते. त्यामुळे टाइप रेटिंगचा, हॉटेलचा आणि सिम्युलेटरचा खर्च वेगवेगळा मांडून मागावा. बाँडच्या रकमेवर वर जीएसटी लावण्याची भाषा असेल, तर ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने अशा वसुलीवर तो लागत नसल्याचे स्पष्ट केलेले आहे.

नोटीस हे बाँडपासून वेगळे प्रकरण आहे आणि ते कंपनीच्या मर्जीपुरते नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ मध्ये कमांडरसाठी (कॅप्टनसाठी) एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरसाठी सहा महिन्यांची नोटीस ठरवली. कंपनीने ना-हरकत प्रमाणपत्र दिले तर ती कमी होऊ शकते. बाँडचे पैसे भरले म्हणजे दुसऱ्या दिवशी नव्या कंपनीत रुजू होता येते, ही समजूत इथे मोडते. नोटीस न पाळता गेलेल्या काही वैमानिकांविरुद्ध आकासा एअर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेली. हा दावा मुंबईत चालू शकत नाही, हा वैमानिकांचा आक्षेप न्यायालयाने मान्य केला नाही. बेस (नेमणुकीचे शहर) कुठेही असो, वाद झाला तर तारखांना कोणत्या शहरात जावे लागेल, हेही म्हणून पाहून ठेवावे.

कंपनीच बंद पडली किंवा पगार थकला तर काय, हे कलम बहुतेक करारांत नसतेच, आणि प्रादेशिक कंपन्यांच्या बाबतीत ते सर्वांत गरजेचे आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी लहान शहरे विमानसेवेने जोडणाऱ्या सरकारच्या ‘उडान’ योजनेतील पहिल्या विमानांबरोबर नांदेड–हैदराबाद सेवाही सुरू झाली होती. ती चालवणारी ट्रूजेट २०२२ मध्ये थांबली. उडानमधील मार्गांना सरकारी अनुदान साधारण तीन वर्षांचे असते आणि आपला बाँडही तेवढाच, त्यामुळे अनुदान संपून मार्ग बंद होण्याची वेळ आणि आपण बांधलेले असण्याची वेळ एकच येऊ शकते. ‘सलग दोन महिने वेतन न मिळाल्यास अथवा सलग तीन महिने उड्डाण न दिल्यास बाँड संपुष्टात येईल’, असे एक वाक्य घालून मागावे. बाँडऐवजी किंवा बाँडसोबत कोरे धनादेश मागितले, तर ते देऊ नयेत. द्यावेच लागले तर तारीख, रक्कम आणि ‘बाँडच्या हमीपोटी’ हा उल्लेख लिहून त्यांची पोच घ्यावी, कारण धनादेश परत गेल्यास प्रकरण धनादेशांविषयीच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली फौजदारी होते.

आता कामाकडे. मे महिन्यात जळगावसारख्या ठिकाणी पारा ४४ अंशांवर असतो. एटीआरला जमिनीवर वीज आणि हवा पुरवणारे वेगळे छोटे इंजिन नसते, म्हणून उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकने अडवून ते इंजिनच चालू ठेवतात. त्याला हॉटेल मोड म्हणतात. वाऱ्याची दिशा अनुकूल नसली की तेही करता येत नाही, आणि मग पुढच्या सेक्टरचे (पुढच्या उड्डाणाचे) कागद घामाने ओल्या झालेल्या हातांनीच भरावे लागतात. पंचवीस-तीस मिनिटांत प्रवासी उतरतात, नवे चढतात, आणि असे दिवसातून चार वेळा, कधी सहा वेळा होते. जेटवरच्या मित्राचे आठ तास आणि आपले सहा तास यांची तुलना म्हणून करता येत नाही. नियमांनाही हे ठाऊक आहे: दोन लँडिंगच्या दिवशी ड्यूटी १३ तासांपर्यंत असू शकते, सहा लँडिंगच्या दिवशी ती ११ तासांवर येते. जानेवारी २०२४ च्या सुधारित नियमांनी, जे २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाले, साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली. सही करण्यापूर्वी कंपनीत उडणाऱ्या एखाद्या फर्स्ट ऑफिसरला भेटून मागच्या तीन महिन्यांचे प्रत्यक्ष रोस्टर पाहावे. छापील धोरणापेक्षा ते जास्त बोलते. बेस बदलण्याचा अधिकार किती दिवसांच्या सूचनेवर आहे आणि तिथले राहणे कोणाच्या खर्चाने, हेही त्याच माणसाला विचारावे.

बढतीचा हिशेब तासांत करावा, वर्षांत नव्हे. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल परवान्याला १५०० तास लागतात. २०० तासांवरून सुरुवात करणाऱ्याला १३०० तास हवेत. महिन्याला ६० तास मिळाले तर ते २२ महिन्यांत होतात, ३५ मिळाले तर तीन वर्षांहून अधिक लागतात. चार विमानांच्या कंपनीत सुट्या भागांसाठी एक विमान हँगरमध्ये उभे राहिले, की दुसरा आकडाच खरा ठरतो. करारात ‘किमान तासांचे वेतन’ असले, तरी त्यातून पगार मिळतो, तास मिळत नाहीत. परवान्यासाठी रात्रीच्या उड्डाणाचेही ठरावीक तास लागतात आणि अनेक लहान विमानतळांवर रात्री विमान उतरवण्याची सोय नसते, म्हणून संध्याकाळचे मुंबई, पुणे किंवा हैदराबादचे सेक्टर हातचे जाऊ देऊ नयेत. एटीपीएलचे लेखी पेपर मात्र पहिल्या वर्षातच संपवावेत. कमांडची (कॅप्टनची) जागा रिकामी होते तेव्हा तास पूर्ण असलेले चौघे उभे असतात आणि पेपर झालेला एकच असतो.

जेटवर जायचे असेल, तर एटीआरचे तास एकूण अनुभवात धरले जातात, पण टाइप रेटिंग नवे, बहुधा बाँडही नवा आणि सीट पुन्हा उजवीच. एटीआरवर कॅप्टन होऊन मग जावे की फर्स्ट ऑफिसर असतानाच, याला एकच उत्तर नाही. माझे मत असे की कमांड वर्षभराच्या अंतरावर असेल तर थांबावे, कारण कमांडचे तास लॉगबुकातून कोणी काढून घेऊ शकत नाही. त्यासाठी प्रत्येक महिन्याच्या शेवटी महासंचालनालयाच्या पोर्टलवरील ई-लॉगबुक भरून कंपनीकडून तास प्रमाणित करून घ्यावेत. नोकरी सोडताना हे काम साचलेले असले, की ते करून देणारा माणूस नेमका रजेवर असतो.