केएमटी आणि एसटीनं कोल्हापूर, मावशीला घेऊन

मागच्या महिन्यात नाशिकची मावशी आली होती. वय ७६, गुडघे कुरकुरतात पण बघायचं सगळं, आणि आमची गाडी नेमकी गॅरेजला. म्हटलं चला बसनंच फिरू. दोन दिवसात जे कळलं ते लिहितोय, तुमच्याकडं कोण पाहुणं येणार असलं तर उपयोगी पडंल.

पेठेत, म्हणजे देवळाजवळच्या जुन्या भागात, बसच्या नादाला लागू नका. केएमटीनं, म्हणजे इथल्या शहर बसनं, बिंदू चौक नाहीतर शिवाजी चौक गाठायचा आणि पुढचं सगळं पायी, भवानी मंडपातनं अंबाबाईचं देऊळ, मग चप्पल लाइन, म्हणजे कोल्हापुरी चपलांची दुकानं. सकाळी लवकर जावा, शुक्रवार-रविवार टाळा, आणि सोबतचं माणूस वयस्कर असलं तर सरळ मुखदर्शन घ्या, मावशी आधी नाराज झाली पण रांग बघून गप्प बसली. तिथनं खासबाग जवळच. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं कुस्तीचं मैदान, कुस्त्या नसल्या तरी ती वाटीसारखी खोल बांधणी बघण्यासारखीच आहे.

न्यू पॅलेसला मात्र बस पाहिजेच. कसबा बावड्याकडं जाणारी धरायची, आणि नंबर नको, पाटीवरचं गावाचं नाव वाचायचं, मी नंबरच्या भरवशावर बसलो आणि मावशीला फुकटची शहर फेरी घडवली 😅 कंडक्टरला चढतानाच "न्यू पॅलेस आलं की सांगा" म्हणून ठेवा, सुट्टे हातात ठेवा. चढताना म्हातारं माणूस पुढं आणि आपण मागं. सीट धरायला आपण आधी घुसलो तर ते खालीच राहतंय आणि गाडी हलतीय. पॅलेस १८७७ ते १८८४ मध्ये काळ्या दगडात बांधलाय, मेजर मँट या इंग्रज आर्किटेक्टचं काम. आतल्या म्युझियममध्ये फोटो काढू देत नाहीत, त्यामुळं मोबाइल खिशात ठेवून निवांत बघा.

दुसरा दिवस पन्हाळ्याला द्या, अख्खा. जोतिबा पण त्यातच उरकू म्हणणारे लई भेटतील, ऐकू नका. सीबीएसवरनं, म्हणजे मध्यवर्ती बस स्टँडवरनं एसटी, वीसेक किलोमीटर. बाईमाणसाला अर्धं तिकीट आणि ७५ च्या वरच्यांना फुकट, ओळखपत्र ओरिजिनल घ्या. ही सवलत एसटीची आहे, केएमटीत ती चालत नाही, मावशीनं तिथं कंडक्टरशी वाद घालून बघितला. गडावर तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी एवढं पुरे, मधली अंतरं मोठी आहेत तर गडावर रिक्षा ठरवा, तिथं काटकसर करू नका. उतरल्या उतरल्या परतीच्या बसची वेळ स्टँडवर विचारून घ्या, ती विचारल्याशिवाय झुणका-भाकरीला बसायचं नाही.

आणि पहिल्या दिवशीची संध्याकाळ रंकाळा तलावावर. देवळापासनं महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश असं चालत जाता येतंय, पण दिवसभर फिरून पाय दुखत असतील तर गंगावेशीत थांबा. तिथल्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्याच असतात, समोर धार काढून फेसाळ कोमट ग्लास हातात देतात. मावशीनं आधी नाक मुरडलं, गाळून तरी द्या म्हणाली, मग ओठावरचा फेस पदरानं पुसत दुसरा ग्लास मागितला.